आरंभीच्या संगणकांचे स्मरणरंजन आणि मराठी मजकुराचे विस्मरण : पुणे शहराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीत संगणकाविषयी झालेल्या लेखनाचे ढोबळमानाने दोन प्रकार होते. संगणक म्हणजे काय, हे समजावून सांगणारे माहितीपर लेखन हा पहिला प्रकार. तर संगणकामुळे समाजाचे काय होईल याची चिंता वाहणारे किंवा त्याचे स्वागत करणारे वैचारिक लेखन हा दुसरा. अलीकडे त्यांत तिसऱ्या प्रकाराची भर पडली आहे. हा प्रकार आठवणींचा आहे. ज्या पिढीने १९८५ ते १९९५ या दशकात प्रथम संगणकाला हात लावला, ती आता निवृत्त झाली आहे किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभी आहे. महाविद्यालयांच्या महोत्सवी स्मरणिका, रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक आणि संगणकक्षेत्रातील व्यावसायिकांची आत्मकथने यांतून ही पिढी आपल्या पहिल्या यंत्राची आठवण काढताना दिसते. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरे, सव्वापाच इंची फ्लॉपी, ‘सी प्रॉम्प्ट’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ, विंडोज ९५ सुरू होताना वाजणारा सूर, ही या लेखनातील नेहमीची सामग्री होय.

प्रस्तुत लेखात या स्मरणलेखनाची चिकित्सा करावयाची आहे. मुख्य प्रतिपादन असे की, या लेखनाने संगणकाच्या इतिहासाचे जे टप्पे गृहीत धरले आहेत ते इंग्रजी मजकुराच्या इतिहासाचे टप्पे आहेत. डॉस गेले, विंडोज आले, पडदा रंगीत झाला, हा क्रम इंग्रजीपुरता सरळ प्रगतीचा आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र याच क्रमात एक मोठी घसरण झाली. त्या घसरणीचे परिणाम महाविद्यालयांच्या कपाटांत आजही पडून आहेत. पुणे शहर या घडामोडींच्या केंद्रस्थानी असल्यामुळे विवेचन मुख्यतः पुण्याच्या संदर्भात केले आहे.

‘स्मरणरंजन’ ही संज्ञा

‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दासाठी मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा रूढ आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली मूळ शब्द घडविला, तो एका व्याधीचे नाव म्हणून. घरी परतणे या अर्थाचा ग्रीक शब्द आणि वेदना या अर्थाचा ग्रीक शब्द यांच्या जोडणीतून तो सिद्ध झाला. मराठी संज्ञेत वेदनेच्या जागी रंजन आले आहे. ‘रञ्ज्’ या धातूचे रंगविणे आणि संतोषविणे असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे स्मरणरंजन हे आठवणीला रंग देणे आहे आणि आठवणीने सुखावणेही आहे. हरवल्याचे दुःख या संज्ञेच्या घडणीत कोठेच नाही. संज्ञेचा हा दोष मानावा असे नव्हे. परंतु मराठीतील संगणकविषयक आठवणी वाचताना ही संज्ञा अनपेक्षितपणे नेमकी ठरते, हे नोंदविले पाहिजे.

स्वेतलाना बॉयम यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार कल्पिले आहेत. हरवलेले घर पुन्हा जसेच्या तसे उभारू पाहणारा तो पुनःस्थापक प्रकार. हा राष्ट्र, परंपरा, वैभव यांच्या भाषेत बोलतो. दुसरा चिंतनशील प्रकार व्यक्तिगत असतो. तो तुटलेपणातच रेंगाळतो आणि त्याला परतण्याची घाई नसते. ही विभागणी मराठी लेखनाला लावून पाहिल्यास ‘परम’ महासंगणकाच्या कथा पहिल्या प्रकारात आणि डॉसच्या आठवणी दुसऱ्या प्रकारात सहज बसतात. मात्र दोन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत आहे : जे हरवले ते कधीतरी आपले घर होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मनुष्यासाठी डॉस हे घर होते काय, हा प्रश्न बॉयम यांच्या मांडणीत उद्भवत नाही. तो आपल्याला विचारावा लागतो.

थंड खोली आणि बाहेर काढलेल्या चपला

आठवणींमधील सर्वांत जिवंत भाग संगणकाच्या खोलीचा आहे. महाविद्यालयात वातानुकूलित अशी ती बहुधा एकमेव खोली असे. दाराशी चपला काढाव्या लागत. यंत्रांवर कापडी किंवा प्लॅस्टिकची आच्छादने असत. खंडेनवमीला की-बोर्डवर हळदकुंकू वाहिले जाई आणि मॉनिटरला झेंडूची माळ घातली जाई. धुळीपासून यंत्र जपावे हे कारण खरे होते. परंतु चपला काढण्याच्या कृतीला आपल्याकडे जो अर्थ आहे, तो त्या खोलीला आपोआप चिकटला. स्मरणलेखक हा तपशील कौतुकाने सांगतात आणि तो आहेही कौतुकाचा.

चिकित्सकाने येथे वेगळा प्रश्न विचारावयास हवा. चपला काढून आत जाण्याची मुभा कोणाला होती? खोली विज्ञान शाखेची होती. काही महाविद्यालयांत ती संख्याशास्त्र विभागाच्या अखत्यारीत असे. कला शाखेतील अध्यापकांचा, त्यातही भाषाविषयांच्या अध्यापकांचा, त्या खोलीशी संबंध येण्याचे कारण नव्हते. कारण तेथील यंत्राला मराठी लिहिता येत नव्हते. ज्या पिढीच्या आठवणी आज ‘आपल्या सर्वांच्या’ म्हणून छापल्या जातात, त्या महाविद्यालयातील निम्म्या लोकांच्या आठवणी आहेत.

सरकारी पातळीवर १९८४-८५ साली ‘क्लास’ या योजनेखाली देशातील सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक देण्यात आले. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली आणि पुढच्या काही वर्षांत आयबीएम पीसीच्या धर्तीवरील यंत्रे सर्वत्र दिसू लागली. पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग घेऊन यंत्र जुळविता येऊ लागले आणि अप्पा बळवंत चौकातील दुकानांत डॉस, डीबेस व लोटसवरील पुस्तकांच्या चळती लागल्या. याच काळात बँकांतील संगणकीकरणावरून संघटना आणि व्यवस्थापन यांत संघर्ष चालू होता. १९८३ च्या करारानुसार यंत्रांच्या वापरावर मर्यादा होत्या आणि पुढच्याच वर्षी रंगराजन समितीने संगणकीकरणाचा आराखडा मांडला. नोकरी जाईल ही भीती त्या काळाच्या हवेत होती. स्मरणलेखनात ती भीती बहुधा एका विनोदी वाक्यापुरती उरते.

डॉससमोर बसलेल्या मराठी विद्यार्थ्याचा अनुभवही असाच सौम्य करून सांगितला जातो. आज्ञा इंग्रजीत टंकित करावी लागे आणि चूक झाली की ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ असे उत्तर येई. ‘ॲबॉर्ट, रिट्राय, फेल’ या तीन पर्यायांपैकी काय निवडावे हे शब्दकोशातील अर्थ पाहूनही कळत नसे. या आठवणी आज हसत सांगितल्या जातात, कारण सांगणारे उत्तीर्ण झाले. ज्यांनी त्या खोलीकडे पुन्हा पाऊल वळविले नाही, त्यांची आत्मकथने लिहिली गेली नाहीत. इ. स. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमामुळे गावोगावच्या शिक्षकांनी, लिपिकांनी आणि गृहिणींनी पहिल्यांदा माउस हातात धरला. संख्येच्या दृष्टीने महाराष्ट्राचा ‘पहिला संगणक’ तो होय. परंतु त्याविषयी स्मरणरंजन निर्माण झालेले दिसत नाही. बढतीसाठी दिलेली परीक्षा म्हणूनच तो ध्यानात राहिला आहे.

‘परम’ची कथा

पुण्याच्या संगणकविषयक अभिमानाचे केंद्र अर्थातच ‘परम’ हे आहे. मार्च १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, या संस्थेची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर तिचे पहिले संचालक होते. पुणे विद्यापीठाच्या परिसरात उभ्या राहिलेल्या या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला आणि भारताने तो स्वतः बनविला, असे या कथेचे प्रचलित रूप आहे.

हे रूप खोटे नाही. ते गुळगुळीत आहे. हवामानाच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी हे यंत्र भारताला मिळाले होते आणि दिल्लीत बसविलेही गेले होते. अडवणूक झाली ती त्याहून अधिक क्षमतेच्या यंत्राची आणि अन्य उपयोगांची. शिवाय ‘परम ८०००’ मधील प्रक्रियक भारतात बनलेले नव्हते. ते इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. पुण्यातील अभियंत्यांचे कर्तृत्व होते ते असे अनेक प्रक्रियक एकत्र बांधून त्यांच्याकडून एकाच गणिताचे तुकडे समांतरपणे सोडवून घेण्यात. हे कर्तृत्व प्रचलित कथेत सांगितल्या जाणाऱ्या कर्तृत्वापेक्षा कमी नाही, फक्त ते समजावून सांगावे लागते. पुढे १९९८ मध्ये ‘परम १००००’ आणि २००३ मध्ये ‘परम पद्म’ आला. २००७ साली पुण्यातच टाटा समूहाच्या संगणन प्रयोगशाळेतील ‘एका’ हा महासंगणक जगातील पहिल्या पाचशे यंत्रांच्या यादीत चौथ्या स्थानी पोहोचला.

महासंगणकांविषयी अधिक लिहिण्याचे येथे कारण नाही. त्यांच्या प्रकाशात त्याच संस्थेतील दुसरे एक काम झाकोळले गेले, एवढेच दाखवावयाचे आहे.

जिस्ट, इस्की आणि अक्षराचा हिशेब

कानपूरच्या आयआयटीमध्ये १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले. सी-डॅकच्या स्थापनेनंतर हे काम पुण्यात आले आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली वाढले. त्याचे सर्वाधिक परिचित रूप म्हणजे जिस्ट कार्ड. पीसीच्या आतील खाचेत बसविण्याचे हे एक जादा कार्ड होते. ते बसविले की डॉसवरील नेहमीचे कार्यक्रम, उदाहरणार्थ वर्डस्टार किंवा डीबेस, मराठी अक्षरे स्वीकारू आणि दाखवू लागत. कार्यक्रमात बदल करावा लागत नसे. डीबेसला आपण मराठी साठवीत आहोत याचा पत्ताही नसे.

हे कसे साधले जाई, याचे तत्त्व समजून घेणे पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे. इंग्रजीसाठी रूढ असलेल्या आस्की संकेतात १२८ जागा वापरलेल्या असतात. आठ बिटांत एकूण २५६ जागा मावतात. उरलेल्या १२८ जागांत भारतीय लिप्यांतील वर्ण बसविणारा संकेत म्हणजे ‘इस्की’ होय. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने तो आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारला. इस्कीत साठविला जातो तो वर्ण. त्याची आकृती नव्हे. ‘कर्म’ हा शब्द क, र, हलन्त, म या क्रमाने, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो. रफार मकाराच्या डोक्यावर काढावयाचा, हे दाखविणाऱ्या यंत्रणेने ठरवावयाचे असते. ‘किरण’ मधील वेलांटी कागदावर आधी येते, संकेतात ती ककारानंतरच राहते.

या एका निर्णयाचे परिणाम दूरगामी होते. संकेतांचा क्रम वर्णमालेचा असल्यामुळे कांबळे, खरात, गायकवाड, घोरपडे अशी नामावली यंत्राला लावता येई. सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना समान संकेत दिल्यामुळे देवनागरीतील यादी गुजराती किंवा कन्नड लिपीत पाहता येई. त्याच तत्त्वावर ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक बेतलेला आहे. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने. अल्पप्राण वर्णाच्या कळीवरच शिफ्ट दाबून महाप्राण. व्याकरण शिकलेल्या मनुष्याला तो तासाभरात उमगतो. त्रुटीही होत्या. मराठी वर्णमालेत हकारानंतर येणाऱ्या ‘ळ’ला इस्कीने लकाराशेजारी बसविले आणि पुढच्या संकेतांतही तो तेथेच राहिला. सर्व भाषांना एका सूत्रात बांधताना मराठीला एवढी तडजोड करावी लागली.

१९९१ मध्येच जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड या संकेताची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेला आहे. वर्णांचा क्रम तोच आणि ‘आकृती नव्हे, वर्ण साठवावा’ हे तत्त्वही तेच. आज भ्रमणध्वनीवरून पाठविलेल्या प्रत्येक मराठी संदेशात ती रचना काम करीत असते. ज्या डॉसची आज सर्वत्र आठवण निघते ते व्यवहारातून गेले आहे. जिस्ट आणि इस्कीचे तत्त्व रोज वापरात आहे आणि त्याची आठवण अपवादानेच निघते.

याचे एक कारण कलाविषयक आहे, असे वाटते. डॉसला चेहरा होता. लुकलुकणारी खूण, पडदा, आवाज, विशिष्ट वाक्ये हे सर्व इंद्रियांना जाणवणारे होते. संकेताला चेहरा नसतो. स्मरणरंजन आकृतीला चिकटते, रचनेला नाही. इस्कीने जे वेगळे केले, म्हणजे वर्ण आणि आकृती, त्यांपैकी केवळ आकृतीच आठवणीत राहिली.

विंडोज आले तेव्हा

स्मरणलेखनात विंडोजचे आगमन हा आनंदाचा अध्याय असतो. मराठी मजकुराच्या इतिहासात त्याच्याकडे अधिक सावधपणे पाहावे लागते. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून ट्रूटाइप फाँट घरोघरच्या यंत्रांवर आले. पडदा आता चित्रमय झाला होता आणि डॉसच्या अक्षरपडद्यासाठी बेतलेली कार्डाची युक्ती तेथे पुरेशी नव्हती. दुसरीकडे छपाईची मागणी मोठी होती. खिळ्यांची जुळणी मागे पडत होती, ऑफसेट रूढ झाले होते आणि सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतून डीटीपीची दुकाने निघत होती. छापखान्यांना सुबक अक्षर हवे होते, ते तत्काळ हवे होते.

त्यावर जो उपाय निघाला तो असा. फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवावयाचे. उपलब्ध जागा दोनशेच्या आसपास. म्हणून अर्धी अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि काही जोडाक्षरे यांची निवड करून त्या जागा भरावयाच्या. यंत्राच्या दृष्टीने फाइलमध्ये रोमन चिन्हेच राहतात. विशिष्ट फाँट लावला की ती मराठी दिसतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्री-लिपी’, बंगळूरच्या कंपनीचे ‘आकृती’ आणि खुद्द सी-डॅकचे ‘आयएसएम’ यांच्या फाँटांत हाच मार्ग होता. ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ आणि ‘डीव्ही-टीटी योगेश’ ही नावे या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या बोटांना आजही आठवत असतील. मोफत हाती येणारे ‘शिवाजी’ आणि ‘किरण’ हे फाँटही याच कुळातले.

अक्षर देखणे झाले, यात शंका नाही. लेटरप्रेसच्या झिजलेल्या खिळ्यांनंतर ‘सुरेख’ हे नाव अतिशयोक्त वाटत नव्हते. परंतु इस्कीने जो हिशेब मांडला होता तो येथे मोडला. वेलांटी आता व्यंजनाच्या आधी साठविली जाऊ लागली आणि रफार अक्षराच्या नंतर, कारण डोळ्यांना ते तसे दिसते. वर्णक्रमाने यादी लावणे, शब्द शोधणे अशक्यप्राय झाले. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची निवड आणि त्यांच्या जागा वेगळ्या. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक. टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन कळफलकाची सवय असलेले चालक ज्या वेगाने काम करीत, त्यापुढे इन्स्क्रिप्टची तर्कशुद्धता मागे पडली. हा दोष त्या चालकांचा नाही. त्यांना पानामागे पैसे मिळत होते.

या ठिकाणी इंग्रजी आणि मराठी यांच्यातील फरक स्पष्ट होतो. डॉसच्या काळात साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन केलेली इंग्रजी फाइल आजच्या कोणत्याही यंत्रावर उघडते. कार्यप्रणाली बदलली, मजकूर राहिला. म्हणूनच इंग्रजीतील जुन्या यंत्रांचे प्रेमी निश्चिंतपणे खेळू शकतात. डॉसबॉक्स या अनुकरण-प्रणालीमुळे जुने खेळ आजच्या यंत्रांवर चालतात. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या आरंभीच्या आवृत्त्यांची मूळ संहिता २०१४ साली कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयामार्फत खुली केली आणि २०२४ मध्ये ४.०० ही आवृत्तीही. त्यांच्या स्मरणरंजनात हरवलेले फारसे काही नाही. तो छंद आहे. १९९६ साली पुण्यात एखाद्या मराठी फाँटमध्ये टंकित केलेला लेख त्याच डॉसबॉक्समुळे परत येत नाही. डॉसबॉक्समध्ये जिस्ट कार्डही नाही. आपण मात्र त्यांचाच छंद उसना घेतला आणि त्यांच्यासारखेच निश्चिंत राहिलो.

विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय झाली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला आहे. म्हणजे जगभरच्या यंत्रांवर देवनागरीला पहिला सार्वत्रिक चेहरा एका मराठी कवीने दिला. ही गोष्टसुद्धा साहित्याच्या वर्तुळात क्वचितच सांगितली जाते. विंडोज एक्सपीवर मराठी सुरू करावयाचे तर मूळ सीडी मागवून जटिल लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे आणि ती सीडी सहसा हाताशी नसे. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. या अडचणींमुळे युनिकोड उपलब्ध असूनही पुढची दहा वर्षे फाँटांचेच राज्य चालले. काही संशोधनपत्रिकांच्या लेखकांसाठीच्या सूचनांत ‘सुरेख’ किंवा ‘श्री-लिपी’ची अट अजूनही आढळते.

कपाटातील फ्लॉपी

या चर्चेचा संबंध आपल्या विभागांशी आहे. १९९० ते २०१० या काळात महाविद्यालयांची वार्षिके, परिसंवादांचे निबंध, एम. फिल. व पीएच. डी. चे प्रबंध, बोलीभाषांच्या आणि लोकगीतांच्या संकलनांची टंकलिखिते हे सर्व डीटीपीच्या दुकानातून तयार होत होते. छापील प्रत ग्रंथालयात राहिली असेल तर मजकूर वाचला, असे म्हणता येईल. परंतु जे छापले गेले नाही त्याचे काय? प्रबंधासाठी गोळा केलेली आणि प्रबंधात न आलेली सामग्री, ओव्यांचे पाठभेद, क्षेत्रभेटींच्या नोंदी केवळ फ्लॉपीवर असत.

अशी फ्लॉपी आज वाचणे म्हणजे एकामागून एक कुलपे उघडणे आहे. पहिले कुलूप द्रव्याचे : पुण्याच्या पावसाळी हवेत चुंबकीय तबकडीवर बुरशी चढते आणि ती वाचणारा ड्राइव्हही दुर्मीळ झाला आहे. दुसरे पॅकेजचे : मजकूर बहुधा पेजमेकरमध्ये असे आणि ते उत्पादन ७.० या आवृत्तीवर थांबले. तिसरे फाँटचे. चौथे कुलूप तर शब्दशः कुलूप होते. अनेक मराठी पॅकेजे हार्डवेअर लॉकवर चालत. प्रिंटरच्या पोर्टमध्ये ती ठोकळी खोचल्याखेरीज कार्यक्रम सुरू होत नसे. आजच्या यंत्रांना ते पोर्टच नाही.

एका महाविद्यालयाच्या मराठी विभागातील जुन्या वार्षिकाच्या फ्लॉपी वाचण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखकाने एका तंत्रज्ञाच्या साहाय्याने केला. काही उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या त्यांतील मजकूर रोमन अक्षरे, कंस आणि स्वरचिन्हे यांचा गुंता होता. फाँट ओळखता आला त्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर झाले. मात्र ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि दुहेरी जोडाक्षरे जागोजागी बिघडली होती. दोन फाइलींत कोणता फाँट वापरला याची नोंद कोठेच नव्हती आणि त्या आजही तशाच आहेत. ज्या टेबलावर हे काम चालले होते त्याच्याच शेजारी महोत्सवी प्रदर्शनासाठी जुना मॉनिटर पुसून ठेवला होता.

रूपांतराची साधने आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकात केंद्र सरकारच्या भाषातंत्रज्ञान कार्यक्रमाखाली सी-डॅकने मराठीसाठी फाँट आणि साधने यांची सीडी मोफत वाटली होती. फाँट-कंपन्यांची आणि स्वतंत्र तंत्रज्ञांची रूपांतरकेही उपलब्ध आहेत. अडचण साधनांची नसून नोंदींची आहे. कोणता फाँट, कोणती आवृत्ती, कोणते पॅकेज हे माहीत असेल तर रूपांतर काही तासांचे काम असते. नसेल तर अक्षरन् अक्षर जुळवून पाहावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती ‘शोधगंगा’साठी जमा होऊ लागल्या, हे स्वागतार्ह आहे. परंतु फाँटसंकेतातील पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते आणि शोधयंत्राला रोमन. एखाद्या संशोधकाने ‘जात्यावरील ओव्या’ असा शोध घेतला तर असा प्रबंध त्याला सापडणार नाही. प्रबंध उपलब्ध आहे आणि नाही, अशी ही अवस्था आहे.

स्मरणिकेच्या संपादकांनी जुन्या विद्यार्थ्यांकडून पहिल्या संगणकाच्या आठवणी जरूर मागवाव्यात. त्यासोबत एक साधी यादीही मागवावी : विभागाचे काम कोणत्या दुकानात होत असे, तेथे कोणते पॅकेज होते, फाँटचे नाव व क्रमांक काय होता, जुन्या सीडी आणि हार्डवेअर लॉक कोणाकडे आहेत. या प्रश्नांची उत्तरे अध्यापकांकडे क्वचितच मिळतील. ती डीटीपी चालकांकडे आहेत. या चालकांत महिलांची संख्या मोठी होती, अनेकजणी घरकाम उरकून संध्याकाळी दुकानात येत आणि प्राध्यापकांचे दुर्बोध हस्ताक्षर त्यांनाच लागत असे. एकच फाँट वर्षानुवर्षे वापरल्यामुळे त्यांच्यापैकी काहींना पडद्यावरील रोमन गुंता पाहून मूळ मराठी शब्द थेट वाचता येतो. नारायण पेठेतील एका दुकानात वर उल्लेखिलेल्या दोन फाइलींची छापील प्रत दाखविली असता तेथील बाईंनी पहिल्या चार ओळी वाचून दाखविल्या आणि हा श्री-लिपीच्या जुन्या आवृत्तीतला मजकूर असावा, असे सांगितले. ती आवृत्ती असलेले यंत्र त्यांनी दुकान बदलताना भंगारात दिले होते. लॉक मात्र खणात होता.